पूर्ण मैदान

बास्केटबॉलच्या मैदानाच्या ऐन मध्यावरून एक पांढरी रेघ गेलेली असते. आज खेळणाऱ्या मुलीला ती रेघ म्हणजे चेंडू मुदतीच्या आत पलीकडे नेण्याची खूण, ह्यापलीकडे काही नाही. ती धावत येते, रेघ पायाखालून मागे पडते, आणि तिच्या ध्यानीमनीही राहत नाही. परंतु अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९७९ सालापर्यंत शाळकरी मुलींना ही रेघ ओलांडण्याची मुभा नव्हती. प्रत्येक संघात सहा मुली असत. त्यांपैकी तिघींनी एका अर्ध्या मैदानात उभे राहून केवळ चढाई करावयाची, उरलेल्या तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात केवळ बचाव करावयाचा, आणि बचाव करणारीच्या हाती चेंडू आलाच तर तिने तो रेघेपाशी आणून पलीकडच्या मैत्रिणीच्या स्वाधीन करावयाचा व पुढे काय होते ते जागच्या जागी उभे राहून पाहावयाचे. शाळेची सगळी वर्षे इमानेइतबारे खेळूनही सामन्यात कडीच्या दिशेने एकदाही चेंडू न फेकता शाळा सोडून गेलेल्या मुलींच्या पिढ्याच्या पिढ्या ह्या नियमाने घडविल्या.

हा नियम कोणा दुष्ट माणसाने केला, असे मात्र समजू नये. जेम्स नेस्मिथ ह्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे ह्या खेळाची कल्पना काढली, आणि दुसऱ्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयातील सेंडा बेरेन्सन ह्या शिक्षिकेने तो आपल्या विद्यार्थिनींच्या हाती दिला. देताना त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकीने आपला भाग सोडू नये अशी अट घातली, कारण त्या काळच्या वैद्यकाला आणि लोकरूढीला स्त्रीच्या हृदयाची व मज्जातंतूंची भारी काळजी होती. बेरेन्सनबाईंचे ऋण मोठे आहे. ती अट त्यांनी घातली नसती तर कदाचित मुलींच्या हाती चेंडू पडलाच नसता. पण सावधगिरीखातर आखलेली रेघ कालांतराने शिरस्ता होते, शिरस्त्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळते, आणि मग तीच रेघ मुलीच्या अंगभूत दुर्बलतेचा पुरावा म्हणून दाखविली जाऊ लागते. प्रस्तुत ग्रंथाची चरित्रनायिका शाळेत असताना ह्याच अर्ध्या मैदानात खेळली, आणि पुढे अडतीस हंगाम तिने आपल्या हाताखालच्या प्रत्येक मुलीला पूर्ण मैदान धावावयास लावले.

ह्या ग्रंथाची लेखिका माझी विद्यार्थिनी. आज ती स्वतः मुलींना बास्केटबॉल शिकविते. हस्तलिखिताचे बाड घेऊन ती घरी आली, ते माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, “बाई, प्रस्तावना तुम्हीच लिहायची. दुसऱ्या कोणाला मी विचारणार नाही.” मी क्रीडासमीक्षक नव्हे, आणि टेनेसीची भूमी मी पाहिलेलीही नाही, मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकविण्यात हयात गेली, एवढाच काय तो माझा अधिकार. तरीही मी होकार दिला, त्याचे कारण ओघात येईलच.

पॅट समिट हे नाव मराठी वाचकाच्या फारसे परिचयाचे नाही. टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल येथे १४ जून १९५२ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव पॅट्रिशिया हेड. रिचर्ड आणि हेझल हेड ह्या शेतकरी दांपत्याचे हे चौथे अपत्य, वरचे तिघे भाऊ आणि पाठची एक बहीण. दुभती जनावरे, तंबाखूचे पीक, गवताची कापणी ह्या कामांत मुलगा-मुलगी हा भेद त्या घरात नव्हता. गायी कोणाच्याही हातांनी दूध देतात, हा तेथला रोकडा हिशेब होता. मुलगी माध्यमिक शाळेत जाण्याच्या वयाची झाली तेव्हा असे आढळून आले, की ज्या शाळेत तिने जावयाचे त्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघच नाही. तेव्हा रिचर्ड हेड ह्यांनी जिल्ह्याची हद्द ओलांडून हेन्रिएटा ह्या गावी बिऱ्हाड हलविले. तेथल्या शाळेत संघ होता. मुलाच्या नोकरीसाठी किंवा फार तर शिक्षणासाठी गाव सोडणारी कुटुंबे आपण पुष्कळ पाहिली आहेत. परंतु मुलीच्या खेळासाठी, तोही ज्या खेळातून तिला पुढे दमडीची प्राप्ती होण्याचा संभव नव्हता अशा खेळासाठी, घरदार हलविणारा बाप विरळाच. हा बाप तोंडाने कौतुक करणारा नव्हता, उलट अतिशय कडक होता. त्याने मुलीला जे दिले ते शब्दांत दिले नाही, आणि हीच रीत पुढे त्या मुलीनेही उचलली असे मला वाटते.

१९७४ साली मार्टिन येथील महाविद्यालयातून पदवी घेऊन ती नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि मुलींच्या संघाची दुय्यम मदतनीस म्हणून जावयाची होती. इतक्यात तेथल्या मुख्य प्रशिक्षिकेने रजा घेतली आणि संघाची सारी जबाबदारी ह्या बावीस वर्षांच्या मुलीवर येऊन पडली. तिने तोवर एकाही संघाला एक दिवसही शिकविलेले नव्हते. वेतन दरमहा २५० डॉलर. त्यात संघाची गाडी स्वतः चालवावयाची, खेळाडूंचे गणवेश स्वतः धुवावयाचे, आणि परगावी सामना असला तर प्रसंगी प्रतिस्पर्धी संघाच्याच व्यायामगृहात चटया अंथरून रात्र काढावयाची. काही खेळाडू तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान होत्या. लेखिकेने ह्या काळातला जो एक प्रसंग दिला आहे तो मी तीनदा वाचला. निवडचाचणीच्या वेळी नव्या बाईंनी मुलींना असे काही धावावयास लावले, की चौघीजणींचा एक गट धावत धावत मैदानाच्या टोकाला गेला, तेथून दाराबाहेर पडला, पायऱ्या चढून वर गेला, आणि पुन्हा म्हणून परत आला नाही. बाईंनी आपल्या अपेक्षेचे माप तेवढ्यावरून खाली आणले नाही. ज्या राहिल्या त्यांच्यासह त्या पहिला सामना हरल्या, तोही अवघ्या एका गुणाने.

त्याच सुमारास त्यांचा स्वतःचा गुडघा निकामी झालेला होता. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी अस्थिबंध तुटला. त्या काळी अशी दुखापत म्हणजे खेळाचा शेवट, आणि वैद्यांनी तसे सूचितही केले. तेव्हा रिचर्ड हेड ह्यांनी वैद्यांना सांगितले, की गुडघा दुरुस्त करा, माझी मुलगी ऑलिंपिकला जाणार आहे. स्त्रियांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये त्यापूर्वी कधी खेळला गेलेलाच नव्हता. तो १९७६ साली मॉन्ट्रियलला प्रथम आला. त्या दोन वर्षांत ही मुलगी सकाळी शिकत होती, शिकवीत होती, दुपारी संघाची तालीम घेत होती, आणि उरल्या वेळात गुडघ्याला पुन्हा वळण लावीत होती. मॉन्ट्रियलला ती अमेरिकन संघाची सहकर्णधार म्हणून गेली. सोव्हिएत संघाने सुवर्ण नेले, अमेरिकेला रौप्य मिळाले. आठ वर्षांनी, १९८४ साली लॉस एंजेलिस येथे अमेरिकेला ह्या खेळातील स्त्रियांचे पहिले सुवर्ण मिळाले तेव्हा प्रशिक्षिका त्याच होत्या.

अमेरिकेतील शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मज्जाव करणारा कायदा १९७२ साली झाला, आणि त्यामुळेच मुलींच्या खेळांना पैसा व शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, हे खरे. तथापि कायद्याने रेघ पुसली जात नाही. टेनेसीतील एका विद्यार्थिनीने अर्ध्या मैदानाच्या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९७६ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि पुढल्या वर्षी अपिलात तो फिरला. समिटबाईंनी ह्या वादात उघड बाजू घेतली. अर्धेच मैदान खेळलेली मुलगी महाविद्यालयात आली की तिला निम्मा खेळ मुळापासून शिकवावा लागतो, हा त्यांचा रोजचा अनुभव होता, आणि स्वतःच्या बाबतीत त्यांनी तो भोगलेलाही होता. ज्या राज्यातल्या लोकांना त्या खेळाचा अभिमान होता त्याच लोकांना त्यांचा जुना लाडका खेळ मोडून टाका असे सांगणे, तेही पंचविशीतल्या बाईने, सोपे नव्हते. १९७९ च्या हंगामापासून नियम बदलला. आयोवा आणि ओक्लाहोमा ह्या राज्यांत तो त्यानंतरही पुष्कळ वर्षे, अगदी १९९० नंतरपर्यंत, टिकून होता.

येथे मला माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी ज्या एका शाळेत नोकरीला होते तेथे शाळा सुटल्यावरचे मैदान मुलांचे, असा अलिखित कायदा होता. मुलींना पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा मिळे. तेथे लंगडी, रिंग टेनिस असले काही चाले. मी नवी होते. मुख्याध्यापकांकडे एकदा अर्ज दिला, तो दप्तरी दाखल झाला, आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणे बावीस वर्षे टिकले. ह्या ग्रंथाच्या लेखिकेने त्याच कोपऱ्यात भिंतीवर चुन्याने वर्तुळ काढून चेंडू मारावयास आरंभ केला होता. आज तिचे हस्तलिखित वाचताना, पंचविशीतल्या पॅट हेडने जे मागितले ते मागण्याची मला कोणी बंदी केली होती, ह्याचे उत्तर मला सापडत नाही.

समिटबाईंच्या शिकवणीची कीर्ती कठोरपणाबद्दल आहे. त्यांच्या निळ्या डोळ्यांची रोखून पाहण्याची तऱ्हा इतकी प्रसिद्ध होती, की खेळाडू त्या नजरेला चेंडूपेक्षा अधिक भीत. परंतु कठोरपणा पुष्कळांपाशी असतो, आणि त्याने माणसे मोडतात असाच बहुधा अनुभव येतो. तो कशासाठी आहे, हे पाहिले पाहिजे. त्यांच्या संघातील मुलीने वर्गात पहिल्या तीन ओळींतच बसावे, एकही तास बुडवू नये, असा नियम होता. आणि तास बुडविणारी मुलगी संघात कितीही मोलाची असली तरी बाकावर बसे. परिणाम असा, की टेनेसीत खेळण्याची मुदत पुरी केलेली त्यांची प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. शंभरातली शंभर. आठ राष्ट्रीय विजेतेपदांपेक्षा हा आकडा मला मोठा वाटतो. आणखी एक गोष्ट: एवढ्या धाकातही मुलींनी त्यांना ‘कोच’ असे म्हणावयाचे नसे, नुसते ‘पॅट’ म्हणावयाचे. आपल्याकडे ‘बाई’ ह्या एका शब्दात धाक आणि माया दोन्ही मावतात. त्यांच्याकडे तसा शब्द नसावा, म्हणून त्यांनी आपले नावच देऊन टाकले. मी मात्र ह्या प्रस्तावनेत त्यांना समिटबाई म्हणते, कारण मला दुसरे काही म्हणताच येत नाही.

टमिका कॅचिंग्स हिची हकीकत लेखिकेने विस्ताराने दिली आहे, आणि ग्रंथातले ते सर्वोत्तम प्रकरण आहे. ही मुलगी जन्मतः कानांनी अधू. लहानपणी शाळेतली मुले कानातल्या यंत्रांवरून चिडवीत, म्हणून एके दिवशी घरी येताना तिने ती गवतात फेकून दिली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे ओठांच्या हालचाली वाचून, शिक्षकांच्या तोंडाकडे डोळे लावून निभावून नेले. नॉक्सव्हिलला ती आली तेव्हा तिच्या खेळाला तोड नव्हती. बहुतेक प्रशिक्षकांना तेवढे पुरले असते. जी मुलगी सामने जिंकून देते तिच्या कानांची चौकशी करण्याची तसदी कोण घेणार? समिटबाईंनी तिला बोलावून घेतले, यंत्रे पुन्हा लाव असे सांगितले, आणि तुझ्यासारख्या ऐकू न येणाऱ्या मुली तुझ्याकडे पाहत आहेत ह्याची जाणीव दिली. कॅचिंग्सने यंत्रे लावली. पुढे चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारी ही खेळाडू आपल्या बहिरेपणाविषयी मुलांसमोर उघडपणे बोलू लागली. अर्धे मैदान केवळ चुन्याने आखलेले नसते. ह्या मुलीने आपल्याभोवती एक आखून घेतले होते, आणि कोणीतरी ते पाहिले, एवढेच.

ह्या पद्धतीच्या साऱ्याच गोष्टी मला पटतात असे नाही. मिशेल मार्सिनिआक हिचा गणवेश मुठीत धरून भर सामन्यात तिच्या तोंडावर ओरडणाऱ्या समिटबाईंचे छायाचित्र जगभर गाजले. ते मी पाहिले तेव्हा मला आवडले नाही, आणि लेखिकेचे समर्थन वाचूनही पुरते आवडलेले नाही. पण ह्याच मार्सिनिआकची दुसरी गोष्ट त्या छायाचित्राशेजारी ठेवल्याशिवाय न्याय होणार नाही. १९९० च्या सप्टेंबरात समिटबाई दिवस भरलेले असताना विमानाने पेन्सिल्व्हेनियातील तिच्या घरी तिला आपल्या संघात येण्याचे निमंत्रण द्यावयास गेल्या. तेथेच कळा सुरू झाल्या. त्यांनी आपले बोलणे पुरे केले, मग परत निघाल्या. वाटेत वैमानिक व्हर्जिनियात विमान उतरविण्यास तयार होता. परंतु व्हर्जिनियाच्या संघाने त्याच वर्षी टेनेसीला स्पर्धेतून बाद केले होते, आणि आपले मूल टेनेसीतच जन्मले पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. मुलगा टेनेसीतच जन्मला. मार्सिनिआक मात्र प्रथम दुसऱ्याच विद्यापीठात गेली. वर्षभराने ती आपण होऊन नॉक्सव्हिलला आली, आणि १९९६ च्या विजेतेपदात अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली. ज्या मुलीवर त्या ओरडल्या तिच्या दारी त्या कोणत्या अवस्थेत गेल्या होत्या, हे तिला ठाऊक होते. ओरडण्याचा अधिकार अशा रीतीने मिळविलेला असेल तर त्याचा हिशेब निराळा होतो; तरी छायाचित्राबद्दलचे माझे मत मी राखून ठेवते.

आकडे थोडक्यात सांगते. अडतीस हंगाम, १०९८ विजय, २०८ पराभव. पराभव विजयांहून अधिक झाले असा एकही हंगाम नाही. १९८७ पासून २००८ पर्यंत आठ राष्ट्रीय विजेतेपदे, त्यांत १९९७-९८ च्या हंगामात ३९ पैकी ३९ सामने जिंकलेले. निवृत्तीच्या वेळी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये, पुरुष किंवा स्त्री, कोणाही प्रशिक्षकाच्या नावावर त्यांच्याइतके विजय नव्हते. अधिक तपशील ज्याला हवा त्याने परिशिष्ट पाहावे.

२३ ऑगस्ट २०११ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांनी जाहीर केले की आपल्याला अल्झायमर ह्या प्रकारचा स्मृतिभ्रंश जडला आहे. ज्या बाईंना वर्षानुवर्षांच्या सामन्यांतल्या चाली मुखोद्गत असत, त्यांना आता ऐन सामन्यात चाल आठवेना. त्यांनी ही गोष्ट लपविली नाही. आणखी एक हंगाम त्या संघाबरोबर बसल्या. हॉली वॉर्लिक आणि इतर सहायक बरेचसे काम पाहत. वॉर्लिक ही त्यांचीच जुनी खेळाडू, पुढे तिच्याचकडे संघाचा कारभार गेला.

त्या हंगामाचा शेवटचा सामना २६ मार्च २०१२ रोजी आयोवा राज्यात, डे मॉइन शहरी झाला. प्रतिस्पर्धी बेलर विद्यापीठ. टेनेसी ५८ विरुद्ध ७७ अशा गुणांनी हरली. बेलरची प्रशिक्षिका किम मल्की. १९८४ साली लॉस एंजेलिसला समिटबाईंनी ज्या संघाला सुवर्ण मिळवून दिले त्यातली ही एक मुलगी. तिचा संघ त्या वर्षी एकही सामना न हरता विजेता झाला. सामना संपल्यावर ती समिटबाईंपाशी गेली, मिठी मारली आणि रडू लागली. आपल्या हाताखाली शिकलेल्या मुलीकडून शेवटचा पराभव व्हावा, तोही इतका निर्विवाद, ह्यापेक्षा गुरूला मोठी दक्षिणा मिळत असेल असे मला वाटत नाही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मिळाला. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

त्यांच्या मुली आज ठिकठिकाणी शिकवितात. कॅरा लॉसन २०२० पासून ड्यूक विद्यापीठाच्या संघाची प्रशिक्षिका आहे. केली हार्पर हिने काही वर्षे टेनेसीचाच संघ सांभाळला. आणि ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत अशा कित्येकजणी शाळाशाळांतून, गावोगावी संघ चालवीत आहेत. लेखिकेने ह्या शेवटच्या वर्गाला एक स्वतंत्र प्रकरण द्यावयास हवे होते असे मी तिला सांगितले. पुढील आवृत्तीत ते येईल असे तिने कबूल केले आहे. भाषेविषयी एक सूचना: मैदानावर जे शब्द खेळाडू वापरतात तेच तिने ठेवले आहेत, रिबाउंडला रिबाउंड आणि पासला पास म्हटले आहे. शुद्धिवाद्यांनी त्याबद्दल तिला दोष देऊ नये. धावता धावता उच्चारता येईल असा शब्दच मैदानावर टिकतो.

आता वाचकाला फार वेळ दारात उभे करीत नाही. पहिले प्रकरण हेड कुटुंबाच्या शेतावर उघडते. दिवसभराची कामे उरकली आहेत, गायींचे दूध काढून झाले आहे, जेवणे आटोपली आहेत. गोठ्याच्या वर गवत साठविण्याचा उंच माळा आहे; तेथे दिवे लावले आहेत, कडी टांगली आहे, आणि कडेने पेंढ्यांच्या राशी रचलेल्या आहेत. तिघे भाऊ शिडी चढून वर गेले आहेत, आणि त्यांना दोन विरुद्ध दोन असा डाव मांडावयास चौथा भिडू हवा आहे. वरून हाक येते. माळ्यावर मधली रेघ कोणी आखलेली नाही. मुलगी शिडीला हात घालते.